ब्रँडचा हट्ट वेगळा, पैशांचं खोटं वेगळं

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी पुन्हा वाचला. डोंबिवलीहून रोज दादरला अकरावीसाठी जाणारा मुलगा, टेस्ट सिरीजचे म्हणून घेतलेले २,२०० रुपये, त्यातून आलेले ‘फर्स्ट कॉपी’ (म्हणजे ब्रँडची नक्कल असलेले) स्नीकर्स, आणि ते उघडकीला आल्यावरही आता साडेपाच हजारांच्या हूडीसाठी अबोला. हट्ट पुरवावा की मोडावा, ब्रँडचे कपडे खरंच टिकतात का, घरात पडलेल्या त्या शूजचं काय करू, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी एक ओळ लिहिली आहे: कुणाला त्या वयात असं वेड लागलं होतं का, आता मागे वळून बघताना काय वाटतं? त्या ओळीमुळे मी लिहायला बसले. मला लागलं होतं. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं माझ्या कामामुळे देऊ शकते.

मी २४ वर्षं तयार कपड्यांच्या धंद्यात आहे. लोअर परळच्या एका गाळ्यात क्यूसी म्हणून, म्हणजे माल तपासण्याच्या कामाने, सुरुवात केली, आता मर्चंडायझिंग (ब्रँडची ऑर्डर घेऊन माल तयार करून घेणं) आणि क्वालिटी दोन्ही बघते. परदेशी ब्रँडचा माल, इथल्या ब्रँडचा माल, मॉलमधली दुकानं स्वतःच्या नावाने विकतात तो माल, सगळं हाताखालून गेलंय. मानसशास्त्र मी शिकलेले नाही आणि बूट हा माझा विषय नाही, तेव्हा त्या दोन बाबतीत मी सांगेन ते घरातल्या माणसाचं मत समजा.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टींची गाठ बसली आहे. मुलाला ब्रँडचं काहीतरी हवंय, ही एक. त्याने फीचे पैसे म्हणून खोटं सांगितलं, ही दुसरी. तुम्ही त्याच्याशी बोलताना दोन्ही एकाच दमात बोलताय, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं: ‘हे ब्रँडचं खूळ डोक्यात शिरलं म्हणूनच तू खोटं बोललास.’ तुमच्या जागी मीही असंच बोलले असते. पण असं बोललं की मुलगा दोन्हीची बाजू एकत्र घेऊन लढायला उभा राहतो. हवंसं वाटण्यात आपलं काही चुकलेलं नाही हे त्याला मनातून माहीत असतं, आणि त्याच्या आडोशाने तो खोट्याचंही समर्थन करून टाकतो. ही गाठ सोडवायला मी कुणाकडून शिकले ते सांगते.

माझे बाबा गिरणीत होते, फोल्डिंग खात्यात. तयार झालेलं कापड तिथे उजेडात पसरून तपासायचं, डाग, तुटका धागा, भोक दिसलं की खूण करायची, मग घड्या आणि शिक्के. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. बाबांना पुढे पुन्हा कामावर घेतलं, पण मी कॉलेजला गेले त्या १९९६ साली पगार कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांनी, असं चाललं होतं. आई घरी सहा जणांची खाणावळ चालवायची.

दहावीपर्यंत मी मराठी शाळेत होते. निळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, दोन वेण्या. सगळ्यांचं तेच, त्यामुळे कपड्यांवरून कोण कुठल्या घरातलं ते कळत नसे. अकरावीत गणवेश उतरला आणि एका दिवसात सगळं दिसायला लागलं. कोण माटुंग्याच्या मोठ्या फ्लॅटमधून येतं, कोण चाळीतून येतं, कोणाचे वडील दुबईला आहेत. तुमच्या मुलाचंही नेमकं हेच वय आणि हीच पायरी आहे, आणि ती किती उंच असते हे आपण मोठे झाल्यावर विसरतो. माझी अडचण इंग्रजीची होती. वर्गात कुणी काही विचारलं की घशाला कोरड पडायची. त्याच सुमाराला लिव्हाईस भारतात नवी नवी आली होती. मागच्या खिशाच्या शिवणीतून बाहेर डोकावणारी ती छोटी लाल पट्टी ज्या मुलींच्या जीन्सला होती, त्या सगळ्या मला न अडखळता बोलणाऱ्या वाटायच्या. मी तोंड उघडायच्या आधीच जीन्सने माझ्या वतीने बोलून टाकावं, असं मला वाटत होतं. तेव्हा हे शब्दांत सांगता आलं नसतं. तेव्हा मी एवढंच म्हणायचे, ‘सगळ्यांकडे आहे.’

बाबांनी चार-पाच वेळा ऐकून घेतलं आणि एक दिवस एक पाकीट घेऊन आले. आठवत असेल कुणाला, अरविंद मिलने १९९५ मध्ये ‘रफ अँड टफ’ नावाने न शिवलेली जीन्स विकायला काढली होती. पाकिटात डेनिमचं कापड, झिप, बटण, रिव्हेट, लेबल, सगळं सामान असायचं, आपल्या शिंप्याकडे नेऊन मापाने शिवून घ्यायची. बाबांनी कापड दोन बोटांत धरून माझ्यासमोर चोळून दाखवलं. ‘बघ, अंग आहे याला.’ लालबागच्या आमच्या शिंप्याने ती चांगली शिवली होती. मी ती एकदा घातली. कॉलेजमध्ये कुणी काही म्हणालं नाही, पण मी दिवसभर ओढणीने मागचं लेबल झाकत होते. घरी येऊन ती घडी करून ट्रंकेत टाकली.

मग ऑगस्टमध्ये जर्नल आणि प्रॅक्टिकलच्या फीचे म्हणून आईकडून साडेतीनशे रुपये घेतले आणि व्हीटीला उतरून फॅशन स्ट्रीटला गेले. बॉम्बे जिमखान्यासमोरच्या त्या रांगेतल्या एका स्टॉलवर लाल पट्टीची जीन्स मिळाली. पट्टी होती, मागे चामड्यासारखा दिसणारा तुकडा होता, बटणावर नाव होतं. दुसऱ्याच दिवशी घालून गेले आणि त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये इतरांसोबत बसले, स्वतःहून बोलले. हे मुद्दाम सांगते आहे. नकली पट्टीनेही मला खरा धीर आला होता. मुलांना जे वाटतं ते नाटक नसतं.

चौथ्या दिवशी दादर स्टेशनवर पावसात सापडले. घरी येऊन मोरीत पाय धुवायला बसले तर मांडीपासून घोट्यापर्यंत पाय निळे. दगडाने घासूनही रंग निघेना. बाबा पहिल्या पाळीहून आले होते. त्यांनी दांडीवरची ओली जीन्स बघितली, काही न बोलता आईच्या जुन्या पांढऱ्या परकराचा तुकडा घेतला, ओला केला, पिळला आणि जीन्सच्या गुडघ्यावर दहा वेळा घासला. तुकडा गडद निळा झाला. मग ट्रंकेतून ती दुसरी जीन्स काढली, कापडाच्या दुसऱ्या टोकाने तिच्यावर घासलं. तिथेही निळं उतरलं, पण फिकं. दोन्ही डाग माझ्यासमोर धरले. ‘हे रंग सोडतंय. इथे टीपसुद्धा लांब लांब घातली आहे, चार धुण्यांत उसवेल.’ एवढं झाल्यावर म्हणाले, ‘कपड्याचं काय ते मी सांगितलं. पैशाचं काय ते तू आईला सांग.’

लाल पट्टीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. ‘तुला कशाला पाहिजेत असली थेरं’ असं म्हणाले नाहीत. माझ्या हवंसं वाटण्याला त्यांनी हात लावला नाही. कपडा हा त्यांचा विषय होता, तो त्यांनी सरळ मला दाखवला. खोट्याचा विषय बाजूला काढून जिथे व्हायला हवा तिथे पाठवला.

आईने आरडाओरडा केला नाही असं नाही. पण तिने हिशोबही केला. साडेतीनशे म्हणजे खाणावळीच्या एका माणसाचे किती दिवस, ते बोटांवर मोजून सांगितलं. पुढचे दोन महिने कॉलेजला जायच्या आधी खाणावळीच्या पोळ्या मी लाटल्या. दोन महिने झाल्यावर आई म्हणाली, ‘फिटलं.’ त्यानंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही. भांडणात नाही, लग्नाच्या वेळी नाही, कधीच नाही. ताई, हे फार महत्त्वाचं होतं. तुमचा मुलगा २,२०० कसे फेडणार हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा. घरातलं काम असेल, धाकट्या भावंडाला शिकवणं असेल, सुट्टीत कुठे चार तास काम असेल. रक्कम ठरवा, मुदत ठरवा आणि फिटलं की तोंडाने सांगा की फिटलं.

आता मागे वळून बघताना काय वाटतं, तर हवंसं वाटल्याची मला लाज वाटत नाही. खंत बाबांनी आणलेल्या त्या जीन्सची आहे. ती मी नंतरही घातली नाही. वर्षभराने बोहारीण आली तेव्हा आईने ती आणि दोन साड्या देऊन एक स्टीलचा डबा घेतला. धंद्यात आल्यावर, डेनिम म्हणजे काय हे हाताला कळल्यावर, मला समजलं की ते कापड उत्तम होतं. अरविंद तेव्हाही डेनिम निर्यात करत होती. बाबांनी दोन बोटांत धरून मला जे दाखवलं होतं ते मी पुढे पगार घेऊन रोज करायला लागले. त्यांची घासून बघायची परीक्षासुद्धा. प्रयोगशाळेत त्यासाठी क्रॉकमीटर नावाचं यंत्र असतं. पांढरं सुती कापड ठरावीक दाबाने दहा वेळा पुढेमागे घासायचं, एकदा कोरडं, एकदा ओलं, आणि उतरलेल्या डागाला एक ते पाच गुण द्यायचे. पहिल्यांदा ते यंत्र फिरवलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तुमच्या टिकण्याच्या प्रश्नाकडे येते. लोक दोन टोकाची वाक्यं बोलतात: ‘ब्रँड म्हणजे क्वालिटी’ आणि ‘सगळं एकाच कारखान्यात बनतं, नुसतं लेबल बदलतात’. दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. एकाच कारखान्यात, एकाच लाइनवर तीन ब्रँडचा माल लागतो हे खरं. मी स्वतः लावलाय. पण प्रत्येकाची स्पेसिफिकेशन वेगळी असते. कापडाचं वजन किती, धुतल्यावर किती आकसलं तर चालेल, इंचाला किती टाके, काळा रंग घाम लागल्यावर किती उतरला तर माल परत. एक ब्रँड या सगळ्याच्या चाचण्या मागतो, दुसरा फक्त भाव मागतो. शिवणारे हात तेच, धागा मात्र वेगळा.

तपासणीचंही तसंच. समजा दोन हजार नगांचा लॉट आहे. प्रत्येक नग कुणी बघत नाही. नेहमीच्या एक्यूएल २.५ (लॉटमध्ये किती दोष चालवून घ्यायचे त्याचं माप) या हिशोबात त्यातले १२५ नग काढून तपासतात. सातपर्यंत मोठे दोष निघाले तर लॉट पास, आठ निघाले तर नापास. म्हणजे पास झालेल्या ब्रँडच्या मालातही दोषाचे काही नग असतातच, आणि नापास लॉटमध्ये चांगले नग भरपूर असतात. नापास झालेला, ऑर्डर रद्द झालेला किंवा जास्तीचा कापलेला माल मग ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ म्हणून बाहेर पडतो. त्याचं लेबल बहुतेक वेळा मधून कापलेलं असतं, कारण करारात तशी अट असते. लिंकिंग रोडला, फॅशन स्ट्रीटला असा अस्सल सरप्लस आजही मिळतो, पण ‘सरप्लस’ म्हणून सांगितलेला सगळा माल सरप्लस नसतो. नाव ठळक, लेबल कोरं करकरीत आणि सगळ्या साइझ रांगेने लावलेल्या दिसल्या की मी तरी तिथून पुढे जाते. खऱ्या सरप्लसमध्ये साइझ तुटक असतात.

किमतीचं सांगायचं तर माझ्या अनुभवात कारखान्यातून निघताना कपड्याचा जो भाव असतो तो मॉलमधल्या छापील किमतीच्या साधारण चौथा-पाचवा हिस्सा असतो. बाकी दुकानाचं भाडं, पगार, जाहिरात, सेलमध्ये उतरवायची सूट, न खपलेला माल, नफा, कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांच्या वरच्या कपड्याला १८ टक्के जीएसटी आहे, त्याखाली ५ टक्के. ही चोरी आहे असं मी मुलांना सांगत नाही, कारण ती नाही. लोअर परळच्या ज्या फिनिक्स मिलच्या जागेत एकेकाळी कापड विणलं जात होतं, तिथे आज मॉल आहे, आणि तिथल्या एका चौरस फुटाचं भाडंही त्या हूडीत बसलेलं असतं. नाईकीची ती बाकदार खूण १९७१ मध्ये एका विद्यार्थिनीने ३५ डॉलरला काढून दिली होती. त्या खुणेला आज जी किंमत आहे ती पन्नास वर्षांच्या जाहिरातीने, खेळाडूंनी आणि मालाने तयार केली आहे. ती किंमत खरी आहे, फक्त ती कापडात नाही. अकरावीच्या मुलाला हे समजतं. त्याला हिशोब दाखवा. त्याच्या आवडीला नावं ठेवली की मात्र तो ऐकणं बंद करतो.

फर्स्ट कॉपीच्या बाबतीत मी कडक आहे. ट्रेडमार्क कायद्यात, म्हणजे १९९९ च्या, खोट्या खुणेचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. हे कलम विकणाऱ्यासाठी आहे, घालणाऱ्या मुलासाठी नाही, तेव्हा त्याला पोलिसाची भीती घालू नका. माझा राग वेगळ्या कारणासाठी आहे. नक्कल करणारा जिथे डोळा पडतो तिथेच खर्च करतो: लोगो, पट्टी, बटण, डबा. जे दिसत नाही त्यात तो वाचवतो. रंग पक्का करायला डेनिम नीट धुवावं लागतं, ते पाणी आणि वेळ तो वाचवतो. माझे पाय निळे झाले ते त्यामुळे. (अस्सल गडद डेनिमही ओलं घासल्यावर थोडा रंग सोडतंच, कारण नीळ सुताच्या वरच्या थरावर बसते, आतलं सूत पांढरं राहतं. म्हणूनच जीन्स झिजली की पांढरी होते. पण पाय निळे होत नाहीत.) नक्कल घेताना मुलगा कपड्याचेही पैसे देत नाही आणि ब्रँडचेही नाही, नुसत्या दिसण्याचे देतो.

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा बदलापूरहून माझ्याकडे राहायला आला होता, त्याचंही हेच चाललं होतं. मी त्याला एका रविवारी घेऊन निघाले. सोबत एक पांढरा हातरुमाल. घेणार काहीच नाही, फक्त बघायचं, असं आधीच ठरवलं. आधी मोठ्या मॉलमधलं एक महागडं दुकान, मग एक स्वस्तातली साखळी, मग लिंकिंग रोडचे स्टॉल. प्रत्येक ठिकाणी त्याला कपडा आधी उलटा करायला लावला. आतली शिवण सरळ आहे का, धागे लोंबताहेत का. टी-शर्ट खांद्याला धरून लोंबता सोडायचा आणि बाजूची शिवण बघायची. ती पोटाकडे वळत असेल तर धुतल्यावर आणखी वळणार. जीन्सची बाहेरची शिवण गुडघ्याखाली पुढे सरकली आहे का तेही असंच. कॉलरची रिब, म्हणजे ताणली जाणारी विणीची पट्टी, ताणून सोडायची. गडद कपड्याच्या आतल्या बाजूला रुमाल घासायचा. वजन हातावर तोलायचं: साधा टी-शर्ट १८० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपास बरा, हूडी ३०० च्या पुढे असली तर अंगावर नीट बसते. पहिल्या दुकानात तो संकोचला. तिसऱ्या स्टॉलवर तोच मला सांगत होता, ‘मावशी, हे वळलंय.’

मॉलमधल्या महागड्या दुकानातही त्याला एक वळलेला टी-शर्ट सापडला. स्वस्तातल्या साखळीत एक शर्ट इतका नीट शिवलेला निघाला की मी दोनदा लेबल बघितलं. शेवटी दिवाळीला त्याने ब्रँडचाच टी-शर्ट घेतला, पण ढिगातले चार उलटेपालटे करून, त्यातला सगळ्यात सरळ निवडून. मी काही बोलले नाही. त्याला तो हवा होता, त्याचे पैसे होते आणि तो बघून घेत होता.

पैशांचं आम्ही असं केलं, तुमच्या घरी जमेल तसं बघा. कपडे-बूट यासाठी वर्षाची एक रक्कम ठरवायची, जी तुम्ही नाहीतरी त्याच्यावर खर्च करता. ती दोन हप्त्यांत त्याच्या हातात, जूनमध्ये आणि दिवाळीला. आतले कपडे आणि पावसाळी चप्पल घरखर्चातून, बाकी सगळं त्यातून. साडेपाच हजारांची हूडी घ्यायची तर घे, पण मग दिवाळीपर्यंत दुसरं काही नाही. त्याला एक गणितही करून बघायला सांगा. मुंबईत हूडी अंगावर किती दिवस चढणार? डिसेंबर-जानेवारीचे काही आठवडे, एसी क्लास, एखादी सहल. शाळकरी मुलंही हा भागाकार करू शकतात. उत्तर ऐकून तो तरीही घेईन म्हणाला तर घेऊ द्या. कठीण भाग तिसऱ्या महिन्यात येतो, जेव्हा जीन्स फाटते आणि हप्ता संपलेला असतो. तिथे तुम्ही विरघळलात तर सगळी व्यवस्था कोसळली. रफू करून द्या, पैसे देऊ नका.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. घरात खरोखर ओढाताण असेल तर ती मुलापासून लपवू नका, पगार आणि हप्ते कागदावर मांडून दाखवा. आमच्या घरी पगार थकल्याचं मला चाळीतल्या इतरांकडून कळायचं, आणि त्याचा मला जीन्स न मिळाल्यापेक्षा जास्त राग यायचा. कॉलेजमध्ये त्याला कपड्यांवरून कुणी ठरवून त्रास देत असेल तर हूडीने तो थांबणार नाही, कॉलेजमध्ये जाऊन बोलावं लागेल. तो मित्रांकडून उसने घेत असेल, मोबाइलवरून हप्त्याने वस्तू मागवत असेल किंवा अमुक वस्तू नाही म्हणून कॉलेजला जायलाच तयार नसेल, तर समुपदेशकाला भेटा, थांबू नका. आणि त्याला एक प्रश्न शांतपणे विचारून बघा: त्या हूडीत तू वर्गात गेलास की काय बदलेल? माझं उत्तर इंग्रजी हे होतं. कुणी विचारलं असतं तर मी ते दिलं असतं की नाही सांगता येत नाही, पण कुणी विचारलं नाही. इंग्रजी हळूहळू जमायला लागलं, पुढे गारमेंटच्या डिप्लोमाला गेल्यावर हाताला काम आलं आणि लाल पट्टी माझ्या डोळ्यांना दिसायची बंद झाली. निळ्या पायांनंतरही त्याला तीन वर्षं लागली. तुमच्या मुलालाही वेळ लागेल.

राहिले ते शूज. फेकू नका. त्याच्यासमोर फेकलेत तर त्याला तुमचा राग तेवढा लक्षात राहील, २,२०० रुपये विसरले जातील. बूट माझा विषय नाही असं आधीच म्हटलं, तरी पाय दुखत असतील किंवा धावायला-खेळायला घालत असेल तर तेवढं बंद करा. एरवी वापरू द्या, आणि पैसे फिटले की ते त्याचे. तळवा सुटेल तेव्हा तोच तुम्हाला आणून दाखवेल.

हूडी घ्यायला गेलात तर आधी आतून उलटी करायला सांगा. मनगटाची रिब चांगली ताणायची आणि सोडायची. ती लगेच जागेवर आली नाही तर परत ठेवायची, वर कुठलंही नाव असो. रुमाल पांढरा न्या.